काळमण्याची किंमत

अनसिंगच्या बाजारात त्या दिवशी भाजीवाल्या बायासुद्धा आपापली पालं सोडून लोहाराच्या भात्याजवळच्या चिंचेखाली जमल्या होत्या. मिरच्यांच्या ढिगाऱ्यावर एक शेळी निवांत उभी राहून नाक फेंदारत होती आणि तिला हाकलायला कुणी नव्हतं. सगळा बाजार माना उंचावून एका बाजेकडे बघत होता. बाजेवर भगवी सतरंजी, सतरंजीवर वज्रनाथ महाराज, आणि महाराजांच्या तळहातावर नारळाएवढा काळाभोर, चकचकीत दगड.

"देखो! नीट देखो!" महाराज गर्जले. "हा दगड नोहे. हा काळमणी! आभाळातून वीज पडली, धरतीच्या पोटात शिरली, हजार बरस तिथं तप करून राह्यली, मंग असा एक मणी झाला. विलायतेतले शौकीन याच्यासाठी बंगले विकतात, बंगले!"

गर्दीतून "आरारारा" असा आवाज उठला. विलायतेतला बंगला कुणी बघितला नव्हता, त्यामुळे तो विकल्याचं दुःख सगळ्यांना सारखंच झालं.

बाजेशेजारी जीपला टेकून एक गृहस्थ उभे होते. राखाडी सफारी, काळा चष्मा, हातात चामड्याची बॅग. हे म्हणे मुंबईचे एजंट. जगभरातल्या दगड जमवणाऱ्या शौकिनांचे पत्ते यांच्या बॅगेत. ते बोलत नसत, फक्त मान हलवत. न बोलणारा माणूस मोठा वाटतो, हे त्या जोडीला पक्कं ठाऊक होतं.

महाराजांनी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि दोरा दगडाभोवती करकचून गुंडाळला. मग काडी पेटवून ज्योत दोऱ्याला लावली. एक, दोन, तीन, चार. काडी विझत आली, दोरा तसाच. थोडी काजळी धरली, बस्स.

"आग या मण्याले भेते!" महाराज म्हणाले. "ज्याले हा शिवला त्यालेबी आग शिवत नाही. हा जिता मणी हाय!"

मग त्यांनी दुसऱ्या कुणीतरी आणलेला नदीतला गोटा घेतला, त्यालाही दोरा गुंडाळला, काडी लावली. दोरा भुर्रकन जळून गेला.

"हा मुका. फेका त्याले."

गोटा आणणारा म्हातारा एवढा शरमला, की जणू त्याच्या घरात काही पाप उघडकीला आलं होतं.

मी मागं सायकल धरून उभा होतो. मी पंजाबराव, मलेरिया खात्याचा कर्मचारी. गावोगाव हिंडायचं, तापाचा माणूस दिसला की त्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर तारीख लिहायची, हे माझं काम. एका थेंबासाठी लोक मला अर्धा तास नाचवत. सुईनं रक्त आटतं, सरकार ते रक्त विकतं, असं शिकलेले लोकसुद्धा सांगत. आणि इथं एक जटावाला दगडाला काडी लावतो, तर त्याच्यापुढं सगळे लोटांगण घालायला तयार! तिरस्कार वाटला मला. तो लपवण्याची मला तेव्हा गरज वाटली नाही, आजही वाटत नाही.

महाराजांच्या हातातला तो नारळाएवढा मणी देवलाचा होता. देवला म्हणजे वडदरीच्या बंजारा तांड्यावरचा पंचविशीचा गडी, कष्टाळू आणि भोळा. आठ दिवसांपूर्वी महाराज तांड्यावर गेले होते. डोळे मिटून शेतातून चालले, अंगात कापरं भरवलं आणि देवलाच्या वावराच्या कोपऱ्यात चिमटा रोवून म्हणाले, "खोद." हातभर खोदल्यावर कुदळ खणकन वाजली आणि मणी निघाला. तेव्हापासून देवला जमिनीवर चालत नव्हता.

आता महाराजांनी मणी कानाला लावला. नखानं टिचकी मारली. डोळे मिटले.

"बोलून राह्यला, बोलून राह्यला! काय म्हणतो? दोन लाख म्हणतो!"

एजंट साहेबांनी मान हलवली.

"पन अजून झोपेत हाय," महाराज पुढं म्हणाले. "जागवावं लागते. मण्याले घरातली चांदी पाहिजे. वापरातली, बाईच्या अंगावरची. मडक्यात मणी आन् चांदी संगं ठेवून, माझ्या हातची लाख लावून, अकरा दिवस. मणी चांदीचं तेज पेते आन् मंग त्याचा भाव चढते. चांदी जशीच्या तशी वापस!"

माझ्या लक्षात एक गोष्ट आली. महाराजांनी त्या दिवशी लोकांनी आणलेले सात दगड पारखले. दर वेळी ते दगडाकडे नंतर बघत. आधी बघत ते आणणाऱ्याच्या घरच्या बाईकडे. जिच्या हातापायांत कोपरभर, गुडघाभर चांदी, तिच्या नवऱ्याचा दगड जिता. जिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या, तिचा दगड मुका. तांड्याचे नायक गोविंदसिंग. त्यांची बायको नानीबाई चांदीनं मढलेली. त्यांच्या वावरातूनही महाराजांनी चिमटा रोवून मणी काढला होता. नायकांच्या मण्यानं तीन लाख सांगितले.

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "महाराज, दगड पारखता का दागिने?"

हशा पिकला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

गोविंदसिंग नायक म्हणाले, "मलेरियावाले, तुमी तं देव सोडून बसलेले लोक. तुमाले काय कळते याच्यातलं?"

महाराज हसले. प्रेमळ, दयाळू, चीड आणणारं हसू. "राहू द्या नायक. ज्याच्या नशिबी मणी नाही, त्याच्या तोंडी शंका असते."

लोक हसले ते तेव्हा. मी सायकल घेऊन निघालो. वडील छप्पन्न साली नागपूरला जाऊन आले आणि आमच्या घरातले देव त्याच आठवड्यात गेले, हे खरं. पण दोरा जळतो की नाही हे कळायला देव लागत नाही आणि देव सोडावाही लागत नाही, एवढं सांगायला मला त्या वेळी तोंड फुटलं नाही.

दोन दिवसांनी माझी फेरी वडदरीच्या तांड्यावर होती. देवलाच्या वावरात हरभरा कापणीला आला होता आणि कापायला कुणी नव्हतं. वावराच्या कडेनं मात्र खड्डेच खड्डे. देवला घामानं निथळत आणखी एक खड्डा खणत होता. एका मण्यावर त्याचं समाधान झालं नव्हतं.

झोपडीच्या दारात त्याची आई हिरीबाई बसली होती. पन्नाशीची, सुकलेली, ताठ. तांड्यावरचे लोक आपसात त्यांच्या बंजारा बोलीत बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "ताप कोनालेच नाही. ज्याले हाय त्याच्यावर तुमच्यापाशी गोळी नाही."

मी हसलो. ती हसली नाही. उठून आत गेली आणि काड्यापेटी घेऊन आली. पेटीत बोटाच्या पेराएवढे दोन काळे तुकडे होते.

"कुदळ लागली तवा हे उडाले. पोट्ट्याचं ध्यान नव्हतं. म्या उचलून ठेवले." एक तुकडा तिनं उन्हात धरला. काळ्या तुकड्याची पातळ कड हिरवट-तपकिरी उजळली. "काय दिसते?"

"काचेसारखं दिसतं."

"काचेसारखं नाही. काचच हाय."

तिनं डाव्या हातावरचा पदर सारला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेली, भाजून बरी झालेली. दुष्काळात सारा तांडा पांगला, तेव्हा ती पुण्याकडच्या एका बाटल्यांच्या कारखान्यात दोन वर्षं मजुरीला होती. भट्टी बंद करून साफ करत, तेव्हा तळाला साठलेली काळी काच पहारीनं फोडून बाहेर काढायची, पाटीनं ढिगावर टाकायची, हे तिचं काम.

"असे डोंगर होते भाऊ त्या काचेचे. ट्रकवाले भरून नेत, कुठं खड्डे बुजवाले. हे पाहा." तिनं आत नेऊन कोनाड्यातला मणी दाखवला. देवलानं त्याला कुंकू लावलं होतं. हिरीबाईनं तो उलटा केला. तळाला पांढुरकी, खरबरीत खपली चिकटलेली. "हे भट्टीची वीट. इजंनं हजार बरस तप केलं म्हनतो मेला, तं इजंच्या पोटात वीट कुठून आली?"

"हे देवलाला सांगितलं का?"

तिनं मणी सुलटा केला. मग म्हणाली, "सांगतलं. म्हने, याडी, तुले तुही चांदी सोडवत नाही म्हनून तू खोटं बोलून राह्यली." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "दुष्काळात लोकायनं पितळ इकलं, भांडे इकले. म्या चांदी इकली नाही. हात जाळून घेतला, पन इकली नाही. का, तं पोराचं लगन कराचं हाय. आन् आता तोच पोरगा मले म्हन्ते, बुढी लोभी हाय."

तिचा आवाज चढला नाही. पण तिनं तो मणी कोनाड्यात ठेवताना जरा जोरानं ठेवला.

"मग तुम्ही सगळ्यांना का नाही सांगत?"

"कोन आयकते? नायक म्हन्ते, हिरीबाईले जळन होऊन राह्यली. तुमी बोलले बाजारात, तुमचं आयकलं का कोनी?"

पोलिसांकडे जायचं तर फिर्यादी लागतो, आणि इथं ज्यांना लुटलं जात होतं तेच सगळ्यात खूश होते.

मी एक तुकडा मागून घेतला. उदयसिंग नावाचा माझा एक मित्र अमरावतीला कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होता. वाशीमला वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तुकडा कापसात गुंडाळून, चिठ्ठी लिहून, मी तो त्याला टपालानं पाठवला.

दहा दिवसांनी उत्तर आलं. त्याचं पत्र अजून माझ्याकडे आहे. त्यातला हा भाग:

"तुझा महाराज अगदीच मूर्ख नाही. काळी, काचेसारखी चमकणारी नैसर्गिक वस्तू जगात असते. तिला ऑब्सिडियन म्हणतात. ज्वालामुखीचा रस झटकन थंड झाला की त्याची काच होते. विजेचा आणि तपाचा संबंध नाही. आपल्याकडचा काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण तो रस वेगळ्या जातीचा. त्यामुळे वाशीमच्या वावरात हातभर खोदून नारळाएवढं ऑब्सिडियन सापडलं असं कुणी म्हणालं, तर मी आधी ते कुणी पुरलं ते विचारीन.

"दगड जमवणारे शौकीन असतात हेही खरं. पण ते दगड कानाला लावत नाहीत. ते बघतात की काळ्या रंगावर सोनेरी किंवा इंद्रधनुष्यासारखी झाक आहे का, तडे आहेत का, आकार काय. आणि सगळ्यात आधी विचारतात की हा कुठल्या डोंगरातला, कुणी, कधी आणला. ती चिठ्ठी नसेल तर जाणता माणूस हातसुद्धा लावत नाही. आमच्या कॉलेजात मेक्सिकोचा एक तुकडा आहे. चांगला, झाक असलेला. तो ज्या किमतीला घेतला, त्या किमतीत एक बरी छत्री येते. लाख राहू दे.

"तू पाठवलेल्या तुकड्यात गोल गोल बुडबुडे आहेत. मी तो गॅसच्या ज्योतीत धरला. खरं ऑब्सिडियन खूप तापवलं की त्यातलं पाणी निघू बघतं आणि ते पावासारखं फुगून फेसाळतं. हा तुकडा फुगला नाही. मऊ झाला आणि चिमट्यानं ओढल्यावर त्याची तार निघाली. बाटलीची काच आहे. आणि दोऱ्याची जादू तुझी तू घरी करून बघ. घट्ट गुंडाळ, मग सैल गुंडाळ."

मी त्याच संध्याकाळी दोरा घेऊन बसलो. बायको म्हणाली, "आता तुमाले काय झालं?" वीस मिनिटांत सगळा चमत्कार माझ्या स्वयंपाकघरात झाला.

पत्र घेऊन मी तांड्यावर गेलो आणि हिरीबाईला वाचून दाखवलं. तिला ऑब्सिडियनमध्ये रस नव्हता. छत्रीचं ऐकून मात्र ती पहिल्यांदा हसली. मग तारेचं ऐकल्यावर गंभीर झाली.

"तार तं मीबी काढीन," ती म्हणाली. "कारखान्यात पोट्टे जेवनाच्या सुट्टीत तार काढून खेळत. पन कागद वाचून कोनी मानत नाही भाऊ. डोळ्यानं पाहू द्या त्याइले. येत्या बाजारी चांदी द्याची हाय साऱ्याइले. मीबी देतो म्हनून येईन."

"देवला?"

"त्याले सांगू नका."

तो बाजाराचा दिवस मी विसरणार नाही. पुन्हा तीच चिंच, तीच बाज, मिरच्यांच्या ढिगाऱ्यावर तीच शेळी. या वेळी बाजेपुढं नऊ मडकी मांडलेली. एकेक कुटुंब येई, मणी आणि चांदीचं गाठोडं मडक्यात ठेवी, महाराज मंत्र पुटपुटत मडक्याला झाकण लावून लाखेनं बंद करत, चादरीखाली तीन वेळा फिरवत आणि एजंट साहेब ते संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी पोचवायला म्हणून जीपमध्ये ठेवत. नानीबाईनं पायांतले जाड वाळे काढताना डोळ्यांत पाणी आणलं. नायकांनी तिला दटावलं, "रडतं काहून? वापसच भेटनार हाय ना!"

देवलाची पाळी आली. त्याच्या हातात मणी होता. मागून हिरीबाई आली, कमरेला गाठोडं बांधून.

"ये माई, ये," महाराजांचा चेहरा फुलला. "उशिरा आली, पन आली. ठेव चांदी."

"ठेवतो ना बाप्पा," हिरीबाई म्हणाली. "एक विचारू का? हा मनी आगीले भेत नाही ना?"

"प्रळयाच्या आगीलेबी भेत नाही!"

"आन् कोनी घन मारला तं?"

"घन तुटल, मणी नाही तुटनार. इंद्राचं वज्र हाय ते!"

हे महाराज गर्दीला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलले. पस्तावण्याची वेळ त्यांच्यावर लगेच आली.

हिरीबाईनं देवलाच्या हातातून मणी घेतला, चार पावलं चालून लोहाराच्या ऐरणीवर ठेवला आणि घन उचलला. "तोंडं फिरवा रे," ती म्हणाली. "काच डोळ्यात जाते."

"याडी!" देवला किंचाळला.

"माई, थांब!" महाराज बाजेवरून खाली आले. मंत्र, डोळे मिटणं, सगळं विसरून. "कोपल तो! वंश बुडल तुहा! निर्वंश होशीन!"

हिरीबाई वळली. "वंश माहा हाय. बुडला तं माहा बुडल. तुमी काहून घाबरून राह्यले? घन तुटल म्हनले ना तुमी?"

देवलानं पुढं होऊन तिचा हात धरला. क्षणभर दोघं तशीच उभी राहिली. मुलगा आईच्या भाजलेल्या मनगटाला धरून उभा. मला वाटलं, तो तिला ढकलून देणार. दोन लाखांसाठी माणूस त्याहून वाईटही वागतो.

"सोड," ती म्हणाली. "खरा असन तं फुटनार नाही. तुहा इस्वास हाय ना त्याच्यावर? मंग सोड."

देवलानं हात सोडला.

एकाच घावात मण्याच्या ठिकऱ्या झाल्या. इंद्राचं वज्र ऐरणीभोवती मातीत विखरून पडलं आणि त्यात भट्टीच्या विटेचा पांढरा तुकडा सगळ्यांना दिसेल असा वर आला. कुणाचा वंश बुडाला नाही. शेळी मात्र दचकून पळाली.

हिरीबाईनं एक लांबट ठिकरी पोलादी चिमट्यात धरली आणि लोहाराला म्हणाली, "भाता मार." लोहारालाही आता गंमत वाटू लागली होती, त्यानं भाता मारायला सुरुवात केली. तिनं ठिकरी निखाऱ्याच्या कडेला धरली, हळूहळू आत नेली. काळी ठिकरी लाल झाली, मग नारिंगी, मग तिचं टोक मधासारखं लवलं. हिरीबाईनं दुसऱ्या सळईनं ते टोक टिपलं आणि हात बाजूला नेला. हातभर लांब, केसासारखी बारीक, चमकणारी काचेची तार हवेत ओढली गेली.

कुणीतरी म्हणालं, "बांगडीची काच हाय हे!"

"बाटलीची," हिरीबाई म्हणाली. "अशा काचेचे डोंगर पाह्यले म्या. हजार पाट्या वाह्यल्या. मले कोनी दोन लाख नाही देल्ले."

आता माझी वेळ होती. महाराजांचं रीळ बाजेवर पडलं होतं, ते मी उचललं. शेजारच्या पालावरून एक कांदा घेतला. दोरा कांद्याभोवती करकचून गुंडाळला आणि काडी लावली. दोरा जळला नाही.

"महाराज, हा कांदा जिता आहे! याचे किती लाख?"

या वेळी मात्र हशा पिकला. मग त्याच कांद्यावर तोच दोरा सैल गुंडाळला, बोट जाईल एवढी फट ठेवून. काडी लावताच भुर्र.

"घट्ट दोरा असला की ज्योतीची धग दोऱ्यातून आतल्या वस्तूत जाते," मी म्हणालो. "वस्तू मोठी, धग थोडी, म्हणून दोरा पेटत नाही. काच ठेवा, गोटा ठेवा, वांगं ठेवा, तेच होईल. सैल असला की धग जायला जागा नाही, दोरा जळतो. महाराजांना ज्याची चांदी हवी त्याचा दोरा घट्ट, ज्याच्याकडे चांदी नाही त्याचा सैल. एवढीच पारख!"

लोक महाराजांकडे वळले. महाराज बाजेवर नव्हते. ते जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून होते आणि कधी न बोलणारे एजंट साहेब चक्क बोलत होते, "चल ना बे, चल लवकर!"

गाडीपुढं पहिला कोण उभा राहिला असेल? गोविंदसिंग नायक. त्यांच्या बायकोचे वाळे आत होते. श्रद्धा इतक्या चपळाईनं पळताना मी दुसऱ्यांदा पाहिली नाही.

मडकी खाली उतरवली गेली. नानीबाईनं स्वतः आपल्या मडक्याची लाख फोडली. आत मणी होता आणि चांदीच्या जागी फडक्यात बांधलेली खडी. चादरीखाली मडकं तीन वेळा का फिरवत, ते सगळ्यांना कळलं. तसलंच, खडी भरून बंद केलेलं दुसरं मडकं चादरीखाली तयार असे, आणि त्यात आधीच टाकलेला दुसरा काळा तुकडा. चांदीची खरी मडकी जीपच्या मागच्या सीटखाली गोणपाटाखाली सापडली. त्याच गोणपाटाखाली कडब्यात नीट गुंडाळलेले अकरा काळमणी होते. पुढच्या गावांच्या वावरांत पुरायला.

लोकांनी दोघांना चार-दोन हाणले. मी अडवलं, मनापासून नाही, पण अडवलं. पोलिसांच्या ताब्यात दिल्यावर कळलं, की वज्रनाथ महाराज म्हणजे कारखान्याची टाकाऊ काच वाहणाऱ्या ट्रकवरचा जुना ड्रायव्हर. जटा खोट्या, चिमटा भाड्याचा. एजंट साहेब त्याचा मेहुणा. विलायत त्या दोघांनीही पाहिली नव्हती.

नानीबाईनं वाळे पायांत घालताना नवऱ्याकडे बघितलं नाही. नायक मला म्हणाले, "हा लबाड निघाला, मान्य. पन खरे मणी असतात बरं का. माह्या आज्यानं पाह्यला होता." काही लोक फसले तरी शिकत नाहीत. फसवणाराच बदलून द्या म्हणतात. दोनच महिन्यांनी रिठदकडे कुणीतरी पुरलेलं धन दाखवणारा उगवला आणि आमचे नायक बैलगाडी जुंपून बघायला गेले, हे मला त्यांच्याच गाडीवानानं सांगितलं.

देवलाचं वाईट वाटलं. तो चार दिवस आईशी बोलला नाही. पाचव्या दिवशी मी फेरीला गेलो तेव्हा तो एकटाच हरभरा कापत होता. अर्धे घाटे वाळून तडकले होते, दाणे मातीत सांडले होते. खड्ड्यांमुळे नीट बसताही येत नव्हतं.

"माह्या मनात आलं होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाजारात तिचा हात पकडला तवा... ढकलून देवावं असं आलं होतं, भाऊ."

"मग दिलं नाहीस ना?"

"आलं तं होतं," तो म्हणाला आणि विळा चालवू लागला.

हिरीबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भाकर घेऊन आली. तिनं त्याच्यापुढं भाकर ठेवली, स्वतः दुसरा विळा घेतला आणि पुढच्या ओळीला बसली. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. संध्याकाळपर्यंत मायलेकांनी मिळून वावर संपवलं.

या गोष्टीत चमत्कार कुठंच नव्हता. एक वाया गेलेली काच होती, एक घट्ट दोरा होता, एक चादर होती आणि फुकटात श्रीमंत व्हायला आतुर झालेला एक अख्खा बाजार होता. पहिल्या तीन गोष्टी चार रुपयांत मिळतात. चौथी मिळाली नसती तर त्या ड्रायव्हरला पुन्हा ट्रकच चालवावा लागला असता.

म्हणून वाचकांना माझं सरळ सांगणं आहे. तुमच्या हातातल्या वस्तूची किंमत कुणी लाखात सांगू लागला, तर हात जोडू नका, प्रश्न विचारा. कशावरून? दुसऱ्या कुणी तपासलं आहे का? मी स्वतः तपासून बघू का? तपासू नको, कोप होईल, असं तो म्हणाला, तर तिथंच त्याची पारख झाली समजा. आणि तरीही मन मानत नसेल तर आणखी एकच विचारा. दोन लाखांची वस्तू आहे ना महाराज? मग हजारात देतो, तुम्हीच घ्या. आणि मग तो काय उत्तर देतो ते शांतपणे ऐका.